वर्ग घेऊन नदीवर : वाईच्या कृष्णाकाठची एका दिवसाची सहल

वाईतल्या सातवीच्या मुलांना कृष्णेबद्दल सगळं पाठ असतं. उगम महाबळेश्वर, पुढे महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र, शेवटी बंगालचा उपसागर. दोन गुण. पण "आज गणपती घाटावर पाणी कितव्या पायरीला आहे?" असं विचारलं की वर्ग गप्प. घाटापासून पाच मिनिटांवर राहणारी मुलंसुद्धा एकमेकांकडे बघतात. एकदा एकाने विचारलं, "बाई, हे पुस्तकात आहे?"

त्या प्रश्नानंतर मी दरवर्षी वर्ग घेऊन नदीवर जायला लागले. पहिली दोन वर्षं सहल फसली, म्हणजे मुलं मजेत होती, पण परत आल्यावर वहीत "नदी खूप सुंदर होती" याखेरीज काही नव्हतं. पुढे जे जमत गेलं ते इथे लिहिते आहे. उदाहरण वाईचं आहे. तुमच्या गावची नदी वेगळी असेल, ओढा असेल तरी चालेल. नावं बदला आणि वापरा.

आधी प्रश्न, मग जागा

सहलीचं ठिकाण ठरवण्याआधी एक प्रश्न ठरवा. एकच. आमचा असा असतो : वाईत शिरणारी कृष्णा आणि वाईतून बाहेर पडणारी कृष्णा सारखीच असते का?

हा प्रश्न ठरला की जागा आपोआप ठरतात. एक थांबा गावाच्या वर आणि एक खाली. धोम धरणाकडून येणारी नदी आधी मेणवलीला लागते, मग वाईत येते, म्हणून वरचा थांबा मेणवलीजवळ. वाईपासून हे अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे. खालचा थांबा गावातले नाले नदीला मिळून झाल्यावर, जिथे काठ उताराचा आणि उघडा आहे अशा ठिकाणी. मधला थांबा गणपती घाट. तिथे पाण्यात उतरायचं नाही, फक्त बघायचं आणि मोजायचं.

तीनच्या वर थांबे घेऊ नका. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, घाट सिनेमावाल्यांचा लाडका आहे, वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे. हे सगळं दाखवावंसं वाटतं. दाखवायला लागलात की अकरा वाजतात आणि नदी राहून जाते. वाड्यासाठी वेगळी सहल काढा.

महिना आणि वेळ

डिसेंबरचा पहिला पंधरवडा आम्हाला मानवतो. पावसाळ्यातला गढूळपणा गेलेला असतो, पाणी उतरलेलं असतं, दगड उघडे पडलेले असतात आणि ऊन सोसवतं. माघात घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव असतो. तेव्हा मोजमाप करायला घाट मोकळा मिळत नाही. जून ते ऑक्टोबर नदीपात्रात वर्ग न्यायचाच नाही, आकाश कितीही निरभ्र असलं तरी. वाईत ऊन पडलेलं असतं तेव्हा धरणाच्याही वर जोर खोऱ्यात ढग फुटलेले असू शकतात.

सकाळी साडेसातला निघावं. नऊपर्यंत पक्षी दिसतात, नंतर माणसं दिसतात.

एक दिवस आधी जाऊन या

हा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत महत्त्वाचा भाग. सहलीच्या आदल्या दिवशी, त्याच वेळेला, दोन शिक्षकांनी तिन्ही थांबे चालून यावं. बघायचं ते असं : काठ घसरडा आहे का, काचा किती आहेत, पाणी गुडघ्याच्या खाली राहील असा निदान वीस मीटरचा पट्टा आहे का. मान वर करून झाडं आणि देवळांची शिखरं बघा. आग्या मोहोळ असेल तर ती जागा रद्द. मोहोळ शांत दिसतं, आणि कुणीतरी खडा मारतोच.

तिथल्या रोजच्या माणसाला गाठा. आम्हाला जाळं टाकणारे एक काका मिळाले. ते पहिल्या भेटीत म्हणाले, "बाई, पाणी दिसतं तसं नसतं. वाळू उपसलेले खड्डे आहेत." त्यांनी काठीने पंधरा मिनिटांत दाखवलं ते नकाशात कधीच सापडलं नसतं. सहलीच्या दिवशी त्यांना सोबत घ्या आणि त्यांच्या दिवसाची मजुरी द्या. चहावर भागवू नका.

नावांकडेही कान द्या. वाईच्या घाटांमध्ये रामडोह आणि भीमकुंड आहेत. डोह, कुंड अशी नावं बहुधा कुणी हौसेने ठेवलेली नसतात, तिथे पाणी खोल असण्याचा संभव असतो. रामडोह आळीत राहणाऱ्या मुलीला मी हे विचारलं तेव्हा ती स्वतःच्या पत्त्याकडे पहिल्यांदा बघत असल्यासारखी बघायला लागली.

आणि धरणाकडे फोन करा. पाणी कधी सोडणार आहेत हे विचारा. दुसऱ्या वर्षी मी हा फोन केला नव्हता. मुलं काठावर किडे शोधत होती, चपलांचा ढीग एका सपाट दगडावर होता. वीसेक मिनिटांनी कुणीतरी ओरडलं, "बाई, माझी चप्पल चालली!" दगड पाण्याखाली गेला होता. मुलं बाहेर होती म्हणून निभावलं. अकरा जोड गेले आणि अकरा मुलं अनवाणी घरी गेली. चूक सर्वस्वी माझी.

तेव्हापासून आमच्याकडे "काठीवाला" असतो. प्रत्येक थांब्यावर पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची, पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारायची. एक मूल दर दहा मिनिटांनी रेघ बघतं. पाणी दोन बोटं चढलं की शिट्टी, आणि सगळे वर. कारण शोधत बसायचं नाही. पाणी अचानक गढूळ झालं किंवा काटक्यापाला वाहत यायला लागला तरी तेच.

कागदपत्रं आणि माणसं

मुख्याध्यापकांची आणि गटशिक्षण कार्यालयाची परवानगी, पालकांचं संमतीपत्र हे नेहमीचंच. संमतीपत्रात "सहल" एवढंच लिहू नका. "मूल शिक्षकांच्या देखरेखीखाली गुडघ्याखालच्या पाण्यात उतरेल" असं स्पष्ट लिहा. ज्यांना नको ते नाही म्हणतील. त्या मुलांना नोंदी आणि घड्याळाचं काम द्या, म्हणजे ती बाजूला पडत नाहीत. दमा, फिट्स, मधमाशीची ॲलर्जी, पायाला जखम हे त्याच कागदावर विचारा. जखम असलेलं मूल पाण्यात नाही.

आठ मुलांमागे एक मोठं माणूस, हा माझा हिशेब. चाळीस मुलं म्हणजे पाच गट, पाच मोठे, शिवाय काका आणि एक मोकळा शिक्षक. मोकळ्या शिक्षकाने काही शिकवायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, फक्त डोकी मोजायची. सगळ्यांत जास्त लक्ष कुणावर? ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यावर नाही; ती काठ सोडत नाहीत. रोज नदीत डुंबणारी दोन-चार पोरं प्रत्येक वर्गात असतात, ती "बाई, मला इथलं सगळं माहितीये" म्हणत पुढे जातात. त्यांना पाण्यापासून सर्वांत लांबचं काम द्या.

मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय आधी बघून ठेवा. वाटेतल्या शाळेला विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. ही गोष्ट राहिली की मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन बसतात.

पिशवीत काय

महागडं काही लागत नाही. प्रत्येक गटाला : पिठाची जुनी चाळण, एक पांढरं पसरट ताट (रंग पांढराच हवा, स्टीलच्या ताटात किडे दिसत नाहीत), जुना रंगाचा ब्रश, भिंग, एक लिटरची स्वच्छ पारदर्शक बाटली, पाणी आम्ल आहे की अल्कली ते दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या, पट्टी, पेन्सिल. पेन नको, ओल्या हाताने पसरतं. सगळ्यांत मिळून : दर मीटरला गाठ मारलेली पंधरा मीटरची दोरी, स्टॉपवॉच, लाल अल्कोहोलचा थर्मामीटर (पाऱ्याचा नको, एक तरी फुटतोच), दोन संत्री, साबण, प्रथमोपचाराची पेटी, ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब आणि तिला बांधलेला लांब दोर. पायात जुने बूट. स्लीपर वाहतात आणि अनवाणी पायात काच जाते.

शिवाय पाणी तपासायच्या दोन छोट्या बाटल्या. गावोगावी पिण्याचं पाणी तपासायला हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या ज्या बाटल्या वापरतात त्याच. त्यांच्याकडे शेवटी येते.

पहिला थांबा : मेणवलीच्या अंगाला

पोचल्यावर पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. काय ऐकू येतं ते लिहायचं. हे पाच मिनिटं टिकत नाही, तीनच टिकतं, पण तेवढ्यात टिटवी, पंप आणि धुणं आपटण्याचा आवाज वहीत आलेला असतो.

मग मोजमापं. तापमान, पीएच, आणि पाणी किती स्वच्छ दिसतं ते. स्वच्छतेसाठी आमची युक्ती साधी आहे : बाटली भरायची, मागे वर्तमानपत्र धरायचं, आणि बातमीचा मजकूर वाचता येतो, फक्त मथळा वाचता येतो की तोही नाही, ते लिहायचं. वर्तमानपत्र दोन्ही थांब्यांवर तेच हवं. पीएच साडेसहा ते साडेआठच्या मध्ये आला तर नदीसाठी तो ठीकच. मुलांना वाटतं आकडा बदलला म्हणजे काहीतरी भयंकर सापडलं. त्यांना सांगून ठेवा की इथे बहुधा काही घडणार नाही.

पाण्याचा वेग मात्र मुलांना फार आवडतो. काठाने दहा मीटर मोजा, दोन्ही टोकांना एकेक मूल उभं करा, वरच्या टोकाच्या थोडं अलीकडे संत्रं सोडा आणि वेळ घ्या. संत्रं का? ते बरंचसं बुडून तरंगतं, वाऱ्याने ढकललं जात नाही, लांबून दिसतं आणि हातातून निसटलं तरी कचरा होत नाही. तीनदा करून सरासरी घ्या. रुंदी आणि खोली काका आणि एक शिक्षक मोजतात; ते दोरी धरून पलीकडे जातात, दर दोन मीटरला काठी बुडवून आकडा ओरडतात, मुलं काठावर लिहून घेतात.

समजा रुंदी १२ मीटर, सरासरी खोली ०.४ मीटर, आणि संत्र्याला दहा मीटर जायला २५ सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटर. पण वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा पळतं, म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचं : ०.३४. आता १२ × ०.४ × ०.३४ म्हणजे सुमारे १.६३ घनमीटर, सेकंदाला १,६३० लिटर. घरावरची हजार लिटरची टाकी एका सेकंदाच्या आत भरेल. एका क्युसेकमध्ये सेकंदाला २८.३ लिटर असतात, तेव्हा हे झाले साधारण ५८ क्युसेक. पावसाळ्यात "धरणातून इतक्या हजार क्युसेकने विसर्ग" अशी बातमी येते ती मुलांनी त्याआधी शंभर वेळा ऐकलेली असते. त्या दिवशी तिचा अर्थ त्यांनी संत्र्यावर मोजलेला असतो.

चाळणीत काय येतं

सहलीचा जीव इथे आहे. घाई करू नका, निदान पाऊण तास द्या.

उथळ, वाहत्या, गोट्यांच्या पाण्यात चाळण प्रवाहाच्या खालच्या बाजूला तळाला टेकवून धरायची. दुसऱ्याने वरच्या बाजूचे गोटे हाताने हलवायचे, उचलून घासायचे. मिनिटभराने चाळण पांढऱ्या ताटातल्या पाण्यात उलटी करायची. सुरुवातीला ताटात नुसता कचरा दिसतो आणि मुलं म्हणतात, "काहीच नाही." थांबायला सांगा. अर्ध्या मिनिटात कचरा चालायला लागतो.

मेफ्लाय या पाण्याकाठच्या नाजूक उडत्या किड्याची पिल्लं : चपटी, घाईची, मागे केसांसारख्या तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना हलणारे कल्ले. भिंगातून ते कल्ले पंख्यासारखे फडफडताना दिसले की मूल भिंग सोडत नाही. इथे हमखास एक गफलत होते, कारण टाचणीच्या (चतुरासारख्या पण बारीक किड्याच्या) पिल्लालाही तीन शेपट्या असतात. फरक असा की त्या केसांसारख्या नसून पानांसारख्या पसरट असतात, आणि पोटाच्या बाजूला कल्ले नसतात. त्या शेपट्याच तिचे कल्ले. चतुराचं पिल्लू आखूड, मळकट, दांडगट. त्याला ब्रशने हळूच डिवचलं तर मागून पाणी सोडून पुढे झेप घेतं. त्याचा खालचा ओठ घडी घालून चेहऱ्याखाली लपवलेला असतो आणि भक्ष्य दिसलं की हातासारखा बाहेर येतो. कॅडिस नावाच्या किड्याची अळी वाळूचे कण चिकटवून स्वतःला नळी करून घेते. मुलं तिला आधी काडी समजून फेकून देतात.

खालच्या थांब्यावर बहुधा ही मंडळी कमी होतात आणि चिखलात लाल, वळवळणाऱ्या, धाग्यासारख्या अळ्या सापडतात. त्या लाल का? आपल्या रक्तात असतं तशाच प्रकारचं हिमोग्लोबिन त्यांच्या अंगात असतं, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही त्यांचं भागतं. मेफ्लायचं भागत नाही. वरच्या ताटात कोण होतं आणि खालच्या ताटात कोण आहे, एवढ्यावर मुलं आपल्या प्रश्नाचं उत्तर स्वतः द्यायला लागतात. तुम्ही बोलू नका. मी अजूनही बोलून जाते.

किडे मोजून झाले की जिथून घेतले तिथेच सोडायचे. बाटलीत घालून शाळेत न्यायचे नाहीत, ते संध्याकाळपर्यंत मरतात.

मधला थांबा : पायऱ्यांची मोजपट्टी

गणपती घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधलं. मुलं समोरून शंभरदा आलेली असतात. त्यांना मागच्या बाजूला न्या. मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती केलेली आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन बाजूंना फुटावं म्हणून. खालच्या थांब्यावर हातमोजे घातलेल्या मोठ्यांना वाळूत याचा खेळ करून दाखवता येतो : उथळ धारेत एक वीट आडवी ठेवायची, शेजारी एक टोकदार दगड टोक प्रवाहाकडे करून ठेवायचा. विटेच्या बाजूची वाळू कशी खणली जाते आणि दगडाच्या कशी, हे दहा मिनिटांत दिसतं.

मग पायऱ्या. सगळ्यांत वरच्या पायरीपासून पाण्यापर्यंत मोजायच्या, एका पायरीची उंची पट्टीने घ्यायची. झाली नदीची मोजपट्टी, तीही अडीचशे वर्षांपूर्वी कुणी तरी बांधून ठेवलेली. घाटावर बसलेल्या आजी-आजोबांना याच पायऱ्यांवरून विचारा. "पूर्वी नदी कशी होती?" असं विचारलं की "फार छान होती" असं उत्तर मिळतं आणि मुलाखत संपते. "आजी, २०२१ च्या जुलैत पाणी कितव्या पायरीला आलं होतं?", "उन्हाळ्यात कितवी दिसायची?", "जाळ्यात चिलापी यायच्या आधी कोणते मासे यायचे?" असं विचारा. आजी उठून पायरी दाखवायला येतात.

याच थांब्यावर दहा मीटर काठ आखून कचरा मोजतो : पूजेचा किती, घरातला किती, दुकानातला किती. मोजतो, उचलत नाही. यावर सहकाऱ्यांशी माझा दरवर्षी वाद होतो. पण उघड्या हातांनी कचरा उचलायला लावला की सहल स्वच्छता मोहीम होते, फोटो निघतात, आणि कुठला कचरा कुठून आला हे कुणालाच कळत नाही. मोहीम नंतर काढा, हातमोजे घालून.

खालचा थांबा आणि काळी बाटली

इथे तीच मोजमापं, त्याच क्रमाने, त्याच गटांनी. इथे पाण्यात पाय घालायचा नाही. चाळणीचं काम हातमोजे घातलेले मोठे करतात. शेकाट्या हा लांब लाल पायांचा पक्षी दिसला तर लिहून ठेवा, सांडपाण्याच्या चिखलात त्याला भरपूर खायला मिळतं. निघताना सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, डबे त्यानंतर.

त्या दोन बाटल्या आता. एकीत वरचं पाणी, एकीत खालचं, खुणेपर्यंत भरून झाकण घट्ट. वर्गात उबदार जागी ठेवायच्या. पाण्यात मैल्यातून आलेले जिवाणू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. दुसऱ्या दिवशी मुलं प्रार्थनेआधी वर्गात धावतात. आम्ही ही चाचणी केली त्या तीनही वर्षी दोन्ही बाटल्या काळ्या झाल्या, वरचीसुद्धा, फक्त ती उशिरा. त्यावर वर्ग हिरमुसला. त्यांना वाईच्या वरची नदी निर्मळ हवी होती. एकाने मग विचारलं, "मेणवलीच्या वरच्यांना पण कुणी वरचं असेल ना?" त्या तासाला मी दुसरं काही शिकवलं नाही.

बाटली उघडायची नाही, हे चारदा सांगा. एकदा एकाने उघडून वास घेतला. सडक्या अंड्याचा वास दोन तास गेला नाही. बाटल्यांत शेवटी ब्लीचिंग पावडर घालून त्या शिक्षकांनीच रिकाम्या करायच्या.

परत आल्यावर

आठवड्याच्या आत भिंतीवर दोन रकाने लावा, वर आणि खाली. आकडे, किड्यांची चित्रं, पायऱ्या, आजींचं म्हणणं. निबंध लिहून घेऊ नका. नगरपरिषदेला पत्र लिहायचं असेल तर त्यात कुणावर आरोप नको. तारीख, वेळ, जागा, काय मोजलं, किती आलं एवढंच लिहावं आणि पोच घ्यावी. शिवाय कराडच्या एखाद्या शाळेला पोस्टकार्ड टाका. तिथे प्रीतिसंगमावर आपल्याच पाण्याला कोयना भेटते. त्यांचे आकडे आले की रकाने तीन होतात.

पायऱ्या मोजायचं काम वर्षभर चालू ठेवा. दर महिन्याच्या एक तारखेला दोन मुलं शाळेत येताना घाटावरून येतात आणि तक्त्यावर आकडा लिहितात. मागच्या मार्चच्या रकान्यात आकड्याशेजारी पेन्सिलने लिहिलेलं होतं : "आज एक पायरी नवीन दिसली. शेवाळ होतं, म्हणून उभा राहिलो नाही."